लालबाग : शेवटचे वीस फूट

मे महिन्याच्या सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात, काही नशीबवान उमऱ्याला जातात. आम्ही चौघं पनवेलहून हार्बर लोकलने कॉटन ग्रीनला उतरलो आणि काळाचौकीवरून चालत लालबागला गेलो. ते आमचं माहेर. चार दिवस राहून आलो. या वेळी जाणं भाग होतं, कारण चाळ आता पाडायची आहे. भाडेकरूंच्या सह्या झाल्यात, पावसाळा सरला की खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरची दहा बाय बाराची ती खोली, त्यातली कोपऱ्यातली मोरी, बाहेरची सामाईक गॅलरी आणि टोकाचे चार संडास हे सगळं आमच्या मुलांनी एकदा नीट पाहून घ्यावं, एवढाच हेतू होता. पण झालं असं की चारही दिवस आम्ही पाण्याच्याच मागे फिरलो.

त्याला कारण अम्मी. पहिल्याच रात्री दस्तरखान उचलताना ती म्हणाली, "परळला मोठा बोगदा खणलाय म्हणतात, पाण्याचा. मग आता पाणी उकळायला नको ना?"

अम्मी गेली पंचवीस वर्षं पाणी उकळते. धाकट्या भावाने गाळणीचं यंत्र बसवून दिलंय, त्यातून गाळलेलं पाणीही ती उकळते. रमजानमध्ये सेहरीच्या घाईतसुद्धा एका शेगडीवर पाण्याचं पातेलं असतंच. हे तिचं वेड आहे असं म्हणून आम्ही सोडून देत आलो. पण त्या रात्री तिने सरळ प्रश्न विचारला आणि आम्हां दोन शिक्षकांना, एक भाषा शिकवणारी आणि एक गणित शिकवणारे, उत्तर देता आलं नाही.

पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी मोरीतला नळ खाकरला. आधी हवा, मग गढूळसर धार, मग स्वच्छ. अम्मी पहिली बादली कधीच पिण्याला घेत नाही; ती फरशीला. आमच्या लहानपणी हा नळ खोलीत नव्हता. खाली अंगणात चाळीचा सामाईक नळ होता आणि पहाटे त्याच्यासमोर हंडे-कळश्यांची रांग लागायची. "उठ गो, पाणी आलं" या हाकेवर आम्ही डोळे चोळत जिना उतरायचो. अम्मी दोन हंडे घेऊन तीन मजले चढायची, फजरच्या अजानीपर्यंत पिंप भरलेलं असायचं. पाणी कोणत्या गल्लीत किती वाजता येणार हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणी खात्याचा चावीवाला. लांब दांड्याची लोखंडी चावी रस्त्यातल्या झाकणात घालून तो फिरवायचा, की इकडचं पाणी बंद आणि तिकडचं सुरू. मुलांना तो जादूगारच वाटायचा. मुंबईत अजूनही हे काम असंच चालतं. एका वेळी सगळ्या शहराला पुरेल एवढा दाब नसतो, म्हणून विभागाविभागाने वेळा वाटून दिलेल्या असतात.

त्या रांगेत भांडणं खूप व्हायची. पण १९९३ च्या जानेवारीत, शहर पेटलं होतं तेव्हा, आम्हांला आठ-दहा दिवस खाली उतरता आलं नाही. आमचे दोन्ही हंडे शेजारच्या काकू आणि त्यांच्या सुना भरून आणायच्या आणि दाराशी ठेवून जायच्या. बोलायच्या नाहीत, कडीही वाजवायच्या नाहीत. अम्मी हे सांगते तेव्हा अजून आवाज खाली करून सांगते.

आता कावीळ. सन २००० च्या पावसाळ्यात धाकट्या भावाचे डोळे पिवळे झाले. तो दहावीत होता. लालबाग-परळ म्हणजे इस्पितळांचं गाव, डॉक्टर हाकेच्या अंतरावर, पण काविळीला तेव्हाही आराम आणि पथ्य हाच मोठा उपाय होता. दीड महिना तो खाटेवर होता. त्याच मजल्यावरची आणखी दोन मुलं आणि तळमजल्यावरची एक गर्भार बाई आजारी पडली. दूषित पाण्यातून जी कावीळ होते तिच्यातला एक प्रकार गर्भवतींना फार वाईट असतो. ती बाई वाचली, मूल गेलं. भावाची सहामाही बुडाली, वर्ष कसंबसं वाचलं. त्या दिवसापासून अम्मीचं पातेलं शेगडीवर चढलं ते उतरलेलं नाही.

कारण सापडायला तीन वर्षं लागली. रस्त्याखालच्या मोठ्या वाहिनीपासून आमच्या चाळीपर्यंत एक लोखंडी पाइप येत होता. त्यातला साधारण वीस फुटांचा तुकडा चाळीच्या मागच्या उघड्या गटारातून गेलेला होता. प्लंबरने तो उपसून काढला तेव्हा त्याला ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं पडलेली होती आणि एका जागी कुणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. पाणी चालू असताना या भोकांतून आतलं पाणी बाहेर उडतं, म्हणजे नुसती गळती. पण नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो, आतला दाब जातो, आणि मग तेच भोक बाहेरचं पाणी आत ओढून घेतं. दिवसातले वीस-बावीस तास तो पाइप गटाराचं पाणी पीत होता आणि पहाटे आम्हांला पाजत होता. सकाळची पहिली बादली फरशीला का, हे अम्मीला शास्त्र न शिकता कळलं होतं.

दोष कुणाचा? मोठ्या वाहिनीपासून इमारतीपर्यंतची जोडणी इमारतीची असते. म्हणजे ती आमची. घरमालकाचं म्हणणं, महिन्याला मिळणाऱ्या चिमूटभर भाड्यात मी पाइप कुठून बदलू. ते अगदीच खोटं नव्हतं. भाडेकरूंचं म्हणणं, इमारत तुमची तर पाइपही तुमचा. तेही खोटं नव्हतं. अशा दोन खऱ्यांच्या मध्ये पाइप गंजत राहिला. शेवटी खोलीमागे तीनशे रुपये वर्गणी निघाली आणि दोन दिवसांत काम झालं. तीन वर्षं आणि तीनशे रुपये.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोगदा पाहायला निघालो. पाहायला म्हणजे काय, तो जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर आहे. वरून फक्त जागा दिसते. लालबागच्या बाजारातून गेलो. मे महिना म्हणजे मसाल्याचा महिना. मिरची गल्लीत डंके चालू होते, धणे-खोबरं-दगडफूल भाजल्याचा वास आणि मिरचीचा ठसका यांमुळे मुलांच्या डोळ्यांतून पाणी. वर्षाचा मसाला कांडून घ्यायला बायका अजून लांबून लांबून येतात. पुढे चिवड्याची दुकानं. गणपतीच्या दिवसांत इथं पाय ठेवायला जागा नसते. १९३४ मध्ये याच भागातल्या कोळ्यांनी आणि बाजारकरांनी बसवलेला गणपती आज देशभर माहीत आहे. गिरण्यांचे भोंगे मात्र गेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांबरोबर आमचे मरहूम अब्बाही साचाखात्यातून जे बाहेर आले ते परत आत गेले नाहीत. त्या गिरणीच्या जागी आता काचेचे मनोरे उभे आहेत. आमच्या मुलाने मान वर करून मजले मोजायला सुरुवात केली आणि चाळीसनंतर सोडून दिलं. एवढ्या उंचीवर पाणी चढतं कसं, हे त्याला विचारावंसं वाटलं. ते विजेच्या पंपाने चढतं. पण आधी ते जमिनीवर यावं लागतं, आणि तिथंच खरी गोष्ट आहे.

मुंबई बेट चारी बाजूंनी पाण्यात, आणि पिण्याला पाणी नाही, अशी हिची जन्मकथा. विहिरी आणि तलाव होते. धोबी तलाव, गवालिया टँक, दो टाकी ही नावं आता नुसती रस्त्यांवर आणि बसच्या पाट्यांवर उरली आहेत. १८५४ च्या उन्हाळ्यात विहिरी इतक्या आटल्या की सरकारने गुरं शहराबाहेर माहीमकडे हलवायला लावली आणि होड्यांतून, नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीतून पाणी आणून विहिरींत ओतलं. त्यानंतर हेन्री कॉनिबेअर नावाच्या इंजिनिअरच्या योजनेने मिठी नदीच्या खोऱ्यात विहारचं धरण झालं आणि १८६० मध्ये नळाने पाणी शहरात आलं. ते शहराला पुरलं नाही. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडक सागर, मग ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज या सात तलावांतून दिवसाला सुमारे ३,८०० ते ४,००० दशलक्ष लिटर पाणी शहराला मिळतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातशातून. यातलं तानसा आणि वैतरणेचं पाणी शंभर किलोमीटरच्या घरातला प्रवास निव्वळ उतारावरून करतं. भातशाचं मात्र पंपाने उचलावं लागतं.

यातले काही तलाव ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आमच्या यजमानांची पहिली नोकरी तिकडची. धरणाच्या भिंतीपासून तीन-चार किलोमीटरवर डोक्यावर तीन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बायका त्यांनी रोज पाहिल्या. त्या बायका आणि आमची अम्मी एकाच पाण्याच्या दोन टोकांना उभ्या होत्या.

परळच्या सदाकांत ढवण मैदानाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. चेंबूरच्या अमर महालपासून वडाळ्याच्या प्रतीक्षानगरमार्गे इथपर्यंत सुमारे ९.७ किलोमीटरचा जलबोगदा महापालिकेने खणला आहे. अवाढव्य यंत्र जमिनीत उतरवून काळ्या पाषाणातून तो पोखरत आणलेला आहे. रस्त्याखालून गेलेल्या जुन्या जलवाहिन्या गंजल्यात, कुठे त्यांच्यावर वस्ती बसली, कुठे त्यांना चोरून छिद्रं पाडली गेली. शिवाय मेट्रो, केबल, गॅस यांच्या खोदाईत त्या फुटतात. शंभर मीटर खोल गेलं की या सगळ्या कटकटींतून पाणी सुटतं. परळ, लालबाग, शिवडी, भायखळा, वडाळा या भागांना याचा फायदा व्हायचा आहे. इतर शहरं पैसा खर्च करतात ते दिसतं, पूल दिसतो, बाग दिसते. मुंबईने आपला मोठा पैसा असा जमिनीत पुरून ठेवला आहे आणि त्यावर मुलं क्रिकेट खेळतात. आम्हांला हे आवडलं.

मग मुलगी म्हणाली, "बोगदा इथं संपला. नानीच्या नळापर्यंत कोण नेणार?"

नेमकं हेच. बोगद्यातून पाणी वर येणार, जलाशयांत आणि मुख्य वाहिन्यांत जाणार, तिथून गल्लीतल्या वाहिनीत, आणि गल्लीतल्या वाहिनीपासून शेवटचे वीस फूट चाळीच्या स्वतःच्या पाइपातून, चाळीच्या स्वतःच्या टाकीत. भांडुपच्या केंद्रात शुद्ध झालेलं पाणी शंभर मीटर खोलीतून निर्मळ आलं तरी त्या वीस फुटांत त्याचं काय व्हायचं ते होऊ शकतं. दाब वाढला तर उपकारच होतील, कारण भरल्या पाइपात घाण शिरत नाही. पण जोवर पाणी ठरावीक तासच येतं तोवर पाइप रोज रिकामा होणार. म्हणजे अम्मीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण ते तिला आवडण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भाऊ रजा टाकून आमच्याबरोबर आला. मुलाला घेऊन तो क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुम्मा मशिदीत नमाजला गेला. ही मशीद १८०२ मध्ये पुरी झाली आणि ती चक्क एका तलावावर उभी आहे. खाली झऱ्यांचं पाणी, त्यात कमानींचे पाय, पाण्यात मासे. पायऱ्या उतरून लोक वुजू करतात. मुलगा बाहेर आला तो ओल्या बाह्यांनी सांगत सुटला की मासे बोटांजवळ येतात. १९११ मध्ये डॉक्टर बेंटले यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल लिहिला आणि विहिरींत मलेरियाचे डास वाढतात हे दाखवलं. त्यानंतर शहरातल्या विहिरी झाकण्याची आणि बुजवण्याची मोहीमच निघाली. तो निर्णय चूक म्हणवत नाही, माणसं मरत होती. पण त्याने एक झालं. आपल्या पायाखाली पाणी आहे ही गोष्ट मुंबईकर विसरला आणि शंभर किलोमीटरवरच्या धरणाच्या पातळीचे आकडे वर्तमानपत्रात वाचू लागला. मशिदीतला हौद त्यातून शिल्लक राहिला, हे बरं झालं.

तिथून वरळीला जाताना बसमध्ये भाऊ आणि यजमान यांचा वाद जुंपला. भावाचं म्हणणं, हे सगळं खासगी कंपनीला देऊन टाकावं, चोवीस तास पाणी मिळेल. त्याने नागपूरचं उदाहरण दिलं. तिथं २०१२ पासून शहराचं पाणी वाटपाचं काम ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे आहे. मुंबईतही २००६-०७ च्या सुमाराला अंधेरी-जोगेश्वरीच्या के-पूर्व विभागात जागतिक बँकेच्या मदतीने सल्लागार नेमून असा विचार झाला होता. लोकांनी सभा उधळून लावल्या आणि पाणी महापालिकेकडेच राहिलं. यजमानांनी इंग्लंड काढलं. तिथं १९८९ पासून पाणी आणि सांडपाणी दोन्ही कंपन्यांच्या हातात. समुद्रकाठच्या शहरांतले लोक पोहायला उतरायच्या आधी आज समुद्रात मैला सोडलाय का याची चौकशी करतात आणि कंपनीला विचारतात की बाबांनो, आमचे पैसे पाइपात घातलेत की वाटून घेतलेत? आम्हांला मदिनेतली रूमा विहीर आठवली. मालक पाणी विकत होता, हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. हा किस्सा आपण मुलांना नेहमी सांगतो आणि पाणी फुकट असावं एवढंच तात्पर्य काढतो. पण त्यांनी विहिरीची किंमत मोजली होती, तीही जबर. खलिफा हारून रशीदची बेगम जुबैदा हिने मक्केला येणाऱ्या हाजींसाठी नहर बांधवली, तिथंही खजिना रिता करावा लागला. पाणी अल्लाहचं, पाइप मात्र माणसांचा. मुंबईत घरगुती पाण्याला हजार लिटरमागे पाच-सहा रुपयांच्या आसपास पडतात, म्हणजे स्टेशनवरच्या एका बाटलीच्या पैशांत दोन हजार लिटरांहून जास्त. इतक्या स्वस्त पाण्याच्या पाइपासाठी आमच्या चाळीला तीनशे रुपये जमवायला तीन वर्षं लागली होती, हे आम्ही भावाला म्हणालो. तो गप्प बसला. वाद मात्र मिटला नाही.

वरळीला लव्हग्रोव्हचं उदंचन केंद्र आहे. आलेल्या पाण्याचा शोध घेतला तर गेलेल्या पाण्याचाही घ्यावा, म्हणून तिथं. आत जाऊ देत नाहीत, आणि मे महिन्यात वास असा की आम्हीच जाऊ इच्छित नव्हतो. दक्षिण आणि मध्य मुंबईच्या मोठ्या भागाचा मैला ब्रिटिशांच्या काळापासून इथं येतो. आज तो चाळून, जाडाभरडा भाग काढून, समुद्राच्या तळातल्या बोगद्यातून तीन किलोमीटरहून लांब नेऊन सोडतात. म्हणजे मुंबईने आपली घाण साफ करण्याचं काम बऱ्याच अंशी समुद्रावर सोपवलं आहे. आता ते बदलायचं चाललंय. १९ जानेवारी २०२३ ला वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशा सात मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर, त्यातलं वरळीचं ५००. खर्च सुमारे १७,२०० कोटी. वरळीचे कोळी या समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकत आले आहेत, त्यांना या आकड्यांचा अर्थ आमच्यापेक्षा आधी कळेल.

पावसाचं पाणी वेगळं, त्याच्या वाहिन्या वेगळ्या. हे पुष्कळ शिकलेल्यांनाही माहीत नसतं. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि समुद्राला ओहोटी, एवढं गृहीत धरून बांधलेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. कुलाब्याला त्याच दिवशी ७३. लालबाग-परळचं पाणी हिंदमाताच्या बशीसारख्या खोलगटात साचायचं. आता रे रोडच्या ब्रिटानिया केंद्रातले पंप ते पूर्वेच्या समुद्रात ओढतात आणि दादर-परळच्या दोन मैदानांखाली टाक्या बांधल्या आहेत, भरती ओसरेपर्यंत पाणी धरून ठेवायला. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात परळजवळ एक नावाजलेले पोटविकारतज्ज्ञ गाडीतून उतरून घराकडे चालत निघाले आणि पाण्याखालच्या उघड्या झाकणात गेले. दोन दिवसांनी ते वरळीच्या किनाऱ्याला सापडले. परळ आणि वरळी जमिनीखालून जोडलेले आहेत हे शहराला त्या दिवशी समजलं.

आणि या गटारांत रोज उतरणारी माणसं आहेत. वर्गात उर्दू शिकवताना आम्ही 'हलाल' आणि 'हराम' या शब्दांची घराणी मुलांना लिहून दाखवतो. त्यात 'हलालखोर' हा शब्द आला की मुलं हसतात, त्यांना तो शिवीसारखा वाटतो. अर्थ किती चांगला: जो कष्टाची, हक्काची भाकरी खातो तो. पण हिंदुस्थानात हा शब्द मैला वाहणाऱ्यांना चिकटला. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात चक्क हलालखोर कर होता. शहर घाण करायचं आणि ती उचलणाऱ्याच्या नावाने पट्टी भरायची. सगळ्यांत पाक अर्थाचा शब्द आपण सगळ्यांत हलक्या समजलेल्या कामाला दिला आणि मग शब्दच बाटला म्हणून हसायला लागलो. आपल्या मोहल्ल्यांतही त्या लोकांच्या घरची चहा न पिणारी घरं आहेत, हे इथं लिहिलं तर काही वाचक नाराज होतील, होऊ देत. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसं मरतात म्हणूनच तर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मृताच्या वारसाला ३० लाख रुपये द्यायला सांगितलं.

संध्याकाळी मगरीबनंतर आम्ही अम्मीसमोर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. बोगदा, जलाशय, गल्लीतली वाहिनी, आणि शेवटी वीस फूट. तिने ऐकून घेतलं. मुलांना भाकरी वाढता वाढता म्हणाली, "म्हणजे उकळायचंच."

मग तिने भावाला विचारलं, "नव्या बिल्डिंगला रस्त्यापासून टाकीपर्यंतचा पाइप कोण घालणार? आणि तो गटारातून नेणार का?"

भाऊ करारनाम्याची प्रत घेऊन बसला. बावीस मजले, दोन लिफ्ट, खोलीऐवजी किती चौरस फूट, गच्चीवर बाग, दाराला कोणत्या लाकडाची चौकट, सगळं त्यात आहे. पाइपाबद्दल एक ओळ: पाणीपुरवठ्याची योग्य व्यवस्था केली जाईल. टाकी कुठे, वर्षातून किती वेळा धुणार, जोडणी कोणत्या बाजूने येणार, काही नाही. गणिताचे शिक्षक चष्मा लावून दोनदा वाचून बसले, तरी काही निघालं नाही. लिफ्टच्या आरशाला मात्र दोन ओळी होत्या.

चौथ्या दिवशी निघायच्या आधी पोटमाळ्यावरचं सामान खाली काढायला घेतलं. अब्बांची गिरणीची बॅज असलेली पत्र्याची पेटी, आमच्या दहावीच्या वह्या, पितळी हंडे. हंडे आता कुणी नेणार नाही म्हणून अम्मीने कल्हई करून ठेवलेले. त्याच्यामागे वर्तमानपत्रात गुंडाळलेला लोखंडी तुकडा निघाला, हातभर लांब. गंजाने खाल्लेला, तीन भोकं, एकावर सायकलच्या ट्यूबची पट्टी अजून चिकटलेली. बाकीचा पाइप तेव्हा भंगारात गेला. हा तेवढा भावाने ठेवून घेतला होता. सोळा-सतरा वर्षांचा असताना काविळीतून उठलेला मुलगा असल्या वस्तू का ठेवतो हे त्याला तेव्हा सांगता आलं नसेल, आताही आलं नाही.

आमच्या मुलीने तो तुकडा डोळ्याला लावून खिडकीकडे धरला. भोकांतून उजेड दिसत होता.

भाडेकरूंची सभा येत्या रविवारी खालच्या अंगणात आहे, जिथं पूर्वी सामाईक नळ होता तिथंच. भावाने तुकडा पुन्हा कागदात गुंडाळला आणि आपल्या ऑफिसच्या पिशवीत घातला.